सहा घरांतला बाजा

भागोजी मास्तर दाराची बेल वाजवत नसत. आमच्या महाडच्या घराच्या जिन्यात उभे राहून ते आतला माझा सराव ऐकत आणि माझी चूक झाली, की त्याच क्षणी दार ठोकत. पहिल्या दिवशी मी इतकी दचकले, की कीबोर्ड स्टँडवरून घसरला. दार उघडलं तर समोर पांढरा सदरा, काखेत छत्री, उंच आणि वाळका माणूस. “तिसरं बोट उशिरा पडतंय गो,” म्हणाले आणि आत येऊन बसले. ते कोण, हे आईने त्यानंतर सांगितलं.

आई तुडीलच्या शाळेत शिक्षिका आहे. मास्तर तिथल्या बौद्धवाडीतले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी आणि नोकरीबाहेर बेंजो, असं त्यांचं आयुष्य गेलं. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य आमच्याकडे हळदीत, वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत असतंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी बायकांचा बाजा, म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा, उभा करायचं ठरवलं. बायकांचाच का, असं आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पोरांना शिकवलं, पोरं मुंबईला गेली. बायका हितं असतात.” मग माझ्याकडे वळून, “हिला बोलता येत नाय काय?”

मला बोलता येत होतं. अनोळखी माणसांसमोर येत नव्हतं. इंग्रजी शाळेत मी शेवटच्या बाकावर बसून दहा वर्षं काढली. माझं मराठी पुस्तकी आहे म्हणून गावात हसतात, हे मला माहीत होतं. कीबोर्ड मी एकटी, दार लावून वाजवायची. बाजात वाजवायचं म्हणजे लोकांसमोर, तेही माइकवर. मी नाही म्हणणार होते. पण मास्तरांनी विचारलंच नाही. “बुधवारी येतो,” म्हणाले.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. आम्ही सहाजणी सहा ठिकाणच्या. महाड, पोलादपूर, वरंध, तुडील आणि जवळच्या दोन वाड्या. मास्तर एसटीने प्रत्येकीच्या घरी जात आणि तिला एकटीला शिकवत. एकत्र बसायचं नाही, फोनवर एकमेकींना वाजवून दाखवायचं नाही. व्हॉट्सॲपवर ग्रुप करू का, असं मी एकदा हळूच विचारलं. “अजिबात नाय. एकत्र शिकलेल्या पोरी एकमेकींच्या पाठीमागं लपतात. आधी प्रत्येकीचा हात एकटा उभा राहू दे. मग पहिल्या तालमीला सगळ्या एकदम ऐका. तो आवाज जन्मभर विसरणार नाय तुम्ही.”

पहिल्या तालमीत एकच गाणं वाजवायचं होतं. मला त्यांनी हळदीचं दिलं. “सगळ्यांना हेच दिलंय. आपली पहिली सुपारी हळदीचीच हाय, पोलादपूरला.” आमच्यातल्या ढोलकी वाजवणाऱ्या प्रीतीच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. वाडीवर चेष्टा सुरू झाली होती. “बायकांचा बाजा म्हंजे नवऱ्यामुलाआधी वाजंत्रीच लाजायची,” असं कुणीतरी मास्तरांना नाक्यावर ऐकवलं. मास्तरांनी उत्तर दिलं, “लाजू दे. लाजून पण तालात लाजतील.” हे त्यांनी मला फार खुशीत सांगितलं होतं.

एका बुधवारी ते चारला आले, शिकवलं, चहा घेतला आणि गेले. पाचला पुन्हा दार ठोकलं. काही विसरलं असेल, असं मला वाटलं. ते बसले आणि तोच धडा पहिल्यापासून सुरू केला. आईने पुन्हा चहा ठेवला. तिला वाटलं, जास्तीचा वर्ग असेल. मी तासापूर्वीच शिकलेलं वाजवलं. मास्तरांचा चेहरा उजळला. “आज लवकर उचललंस गो! शाबास.” त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच शाबास ऐकत होते. हे तासापूर्वीच शिकवलंत, असं मी सांगितलं नाही. मला ती शाबासकी हवी होती, हे आता लिहिताना मान्य करते.

तालीम एका रविवारी सकाळी, तुडीलच्या समाजमंदिरात ठरली. मास्तरांनी आदल्या दिवशीच खडूने फरशीवर सहा गोल काढून ठेवले होते. आम्ही हॉल झाडला, सतरंज्या टाकल्या, एक्स्टेन्शन बोर्ड लावला. वरंधच्या रंजनाताई अंगणवाडी सेविका आहेत. त्या बेंजोसमोर मांडी घालून बसल्या आणि मला म्हणाल्या, “घाबरू नको गो बाय, माझे पण पाय कापतायत. पण मी बसलेय ना, कुणाला दिसत नाय.” मी हसले. अनोळखी घोळक्यात मी पहिल्यांदाच हसले असेन. मास्तरांची पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, दारात चहाचे ग्लास भरत होत्या. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून समोर उभे होते. त्यांनी हात वर केला. “एक, दोन, तीन…”

त्यानंतर जे झालं त्याला गाणं म्हणता येणार नाही. माझीच पट्टी चुकली, असं मला आधी वाटलं आणि हात उचलले. हात उचलल्यावर नीट ऐकू आलं. रंजनाताई वरातीचं वाजवत होत्या. प्रीती पालखीचा ठेका धरून होती. ताशावर जयंतीच्या मिरवणुकीची चाल होती. एकेक जण थांबत गेली. मास्तर म्हणाले, “परत.” पुन्हा तेच. आम्ही सहाजणी सहा गाणी घेऊन आलो होतो.

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या परक्या गावात एसटीतून उतरलेला माणूस पाहतो, तसं. मग विचारलं, “हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

प्रीती खुदकन हसली. तिला ती थट्टा वाटली. पण मास्तर उत्तराची वाट बघत होते. तिचं हसू तिथेच थांबलं. काकूंनी हातातली किटली खाली ठेवली. मास्तर दोनदा आले तो बुधवार मला आठवला.

आणि कधीही चारचौघांत तोंड न उघडणारी मी बोलले. “मास्तर, माझी चूक आहे. तुम्ही मला सगळ्यांना फोन करून गाणं कळवायला सांगितलं होतं. मी चुकीचं कळवलं.”

असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी कुणालाच फोन केला नव्हता, आणि हे बाकीच्या पाचजणींना माहीत होतं. तरी कुणी मला खोडलं नाही. मास्तर दाराकडे वळले. मग म्हणाले, “घरी जा सगळ्या.” चहा तसाच राहिला.

मला वाटलं, मी त्यांची लाज राखली. त्या रात्री थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. बसले नाहीत. “काल घरी गेल्यावर तुमच्या काकूने मला सगळं सांगितलं. फोनला मीच बंदी केलेली, ते पण,” म्हणाले. “दोन महिने डॉक्टरकडे चला म्हणून मागं लागलीय. मी म्हणायचो, मला काय झालंय? काल मला कळलं असतं. स्वतःच्या कानांनी कळलं असतं. तू कळू दिलं नाहीस.”

मी म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटलं असतं. मग?” त्यांचा आवाज चढला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “माझं वाईट मला वाटू द्यायचं नाय, एवढी मोठी झालीस तू? येत्या रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. मोठ्याने.”

मला ओरडा खायची सवय नाही. मी आभाराची वाट बघत होते. ते जिना उतरून गेले तरी मी दारात तशीच उभी होते.

रविवारी त्याच हॉलमध्ये मी सांगितलं. फोनची गोष्ट खोटी होती, हे सांगितलं. मग तो बुधवारही सांगितला, शाबासकीसकट. माझा आवाज इतका बारीक होता, की मास्तर दोनदा म्हणाले, “मोठ्याने.” माझं संपलं आणि रंजनाताई एकदम रडू लागल्या. “मास्तर, आमच्याकडे पण तुम्ही एका दुपारी दोन वेळा जेवलात. मी म्हटलं, भूक असंल.” प्रीती म्हणाली, “मला तुम्ही तीन वेळा नाव विचारलंत.” ताशावाली म्हणाली, परतीच्या स्टॉपचा रस्ता ते तिला विचारत आणि ती दर वेळी सोबत जायची. सहाच्या सहा घरांत काही ना काही घडलं होतं. एकटी-एकटीने आम्ही ते सांभाळून ठेवलं होतं, आणि एकमेकींशी बोलायची तर मास्तरांनीच बंदी केलेली.

मास्तर खाली मान घालून ऐकत होते. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाले, “सहा घरांना ठावं होतं. आन् ज्याचं होतं त्यालाच नाय.”

मग त्यांनी खिशातून डायरी काढून माझ्या हातात दिली. “लिही. पहिलं गाणं हळदीचं. आजपासून बाजा रंजना चालवील. मी समोर बसतो. माझं काही चुकलं तर तिथल्या तिथं सांगायचं. मागून नाय.”

पोलादपूरची हळद आम्ही वाजवली. वाईट वाजवली नाही. मास्तर मांडवात पुढच्या खुर्चीवर होते. गाणं संपल्यावर त्यांनी रंजनाताईंना विचारलं, “ही सुपारी कुणाची?” रंजनाताईंनी तिथल्या तिथं सांगितलं, “आपली, मास्तर.”

श्रावणात मुलगा येऊन त्यांना आणि काकूंना पनवेलला घेऊन गेला. मी दर रविवारी फोन करते. मास्तर विचारतात, “बाजा चालू हाय ना? नवीन कुणी आली काय?” मी सांगते. थोड्या वेळाने ते विचारतात, “बाजा चालू हाय ना? नवीन कुणी आली काय?”

पुन्हा तेच उत्तर देणं किती सोपं आहे, हे दर वेळी मनात येतं. मग मी म्हणते, “मास्तर, हे तुम्ही आत्ताच विचारलंत.”



मग ते म्हणतात, “बरं. आता पुढचं बोल.”