नाक्यावरची दहा मिनिटं

१९७४ साल. मी अडतीस वर्षांचा होतो.

गाडी मी पळवली नव्हती. हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, चार पाहुणे जमले की माझा साळा हा किस्सा काढतो. ‘भाऊजींनी नेपाळात गाडी अशी हाणली, अशी हाणली, की तिथल्या लोकांनी लायसनच काढून घेतलं.’ लोक हसतात. पाहुण्यांत तमाशा नको म्हणून मी पानाला चुना लावत बसतो. पण आता वय झालं. माझ्या मागे हे खोटं उरावं हे मला मंजूर नाही. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरीकडे जावं.

आम्ही कोष्टी. नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत बापाचा हातमाग होता. माझे पाय काही मागाच्या खड्ड्यात टिकले नाहीत. मी ड्रायव्हरी शिकलो आणि गांधीबागेत एका कापडवाल्या शेठच्या गाडीवर लागलो. बापाला ते पटलं नाही. तो म्हणायचा, “रस्त्यावरचा माणूस आज नाही तं उद्या पोलिसाच्या वहीत जाते गा. आपल्या घरात अजून कोणी गेलं नाही.”

हे वाक्य मला लागलं ते लागलंच. दसऱ्याला बाप मागाच्या धोट्याची पूजा करायचा. मी त्याच्या बाजूला माझं लायसनचं पुस्तक ठेवायचो. तेव्हा लायसन म्हणजे लहानसं पुस्तक असायचं, आणि गुन्हा झाला की मागच्या पानांवर शेरा मारत. बाप हळदकुंकू लावायच्या आधी ते उघडून मागची पानं पाहायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोरं पान त्याला कळत होतं. सोळा दसरे त्यानं कोरी पानं पाहिली होती.

शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची जुनी अँबॅसिडर मी घेतली. त्याच वेळी शेठनं मला मनगटी घडी पण दिली होती, गाडीला एक ओरखडा नाही म्हणून. ती घडी मी रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर मिळवायचो. गांधीबागेतले दुकानदार मला हाक मारून वेळ विचारायचे. हे मी फुशारकी म्हणून नाही सांगत. पुढं काय झालं ते समजावं म्हणून सांगतो.

त्या उन्हाळ्यात बायकोनं बर्फाचा हट्ट धरला. शेठच्या दुकानातलं कॅलेंडर आमच्या भिंतीवर होतं, त्यावर पांढरा डोंगर होता. “जिंदगी या उनात गेली, एकदा तो डोंगर तं दाखवा,” म्हणाली. साळ्याला सुट्टी होती. तो धरमपेठेत राहायचा, सरकारी हापिसात कारकून, चार बुकं जास्त शिकलेला, त्यामुळं बोलताना दरवेळी एक पायरी वर उभा राहून बोलायचा. तोही आला. असे आम्ही तिघं, जबलपूर, बनारस करत चौथ्या दिवशी नेपाळात शिरलो.

आता ऐका. पासपोर्ट नाही, काही नाही. गाडीचा एक कागद केला, शिक्का मारला, रस्त्यावरचा आडवा दांडा वर. पाट्या आपल्याच बाळबोध अक्षरात. आपला रुपया चालत होता, दुकानदार हिंदी बोलत होता, भातावर वरण तेच. परदेश म्हणतात तो हा, असं मला वाटलंच नाही. साळ्यानं शिवेवरच्या बाजारात जपानी ट्रान्झिस्टर घेतला आणि तो मांडीवर लेकरासारखा घेऊन बसला.

पुढं जंगलातला रस्ता होता. दोन्ही टोकांना नाका. पहिल्या नाक्यावर निघायची वेळ चिठ्ठीवर लिहून देत, दुसऱ्या नाक्यावर पोहोचायची वेळ लिहून घेत. हरणं आडवी येतात, म्हणून पाऊण तासाच्या आत पोहोचायचं नाही. जो आत पोहोचला तो जोरात आला, त्याला दंड. नियम चांगला होता, मला आवडला. मी गाडी सावकाशच चालवतो. पहिल्या नाक्यावर दिलेली चिठ्ठी न पाहता मी बायकोकडे दिली, तिनं ती बटव्यात खोवली. वाटेत तिला मळमळलं, तेव्हा गाडी झाडाखाली थांबवून निंबू चोखायला दिलं. मग दुसरा नाका आला.

नाकेदार म्हातारा होता, माझ्या बापाच्या वयाचा, डोक्यावर त्यांची ती टोपी. मागे भिंतीवर मोठं घड्याळ. त्यानं मान वळवून घड्याळ पाहिलं आणि वहीत तीन लिहायला घेतलं. मी मनगट पाहिलं. तीनला दहा कमी होते.

“रुको,” मी म्हणालो. “अभी तीन नही बजे. दो पचास हुए.”

त्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं. “तीन बजे है.”

“तुम्हारी घडी आगे है.”

“घडी ठीक है.”

“दस मिनट आगे है. ये देखो, ये रेडिओ से मिलाई हुई घडी है.” मी मनगट त्याच्या नाकाखाली धरलं. “हमारे नागपुर मे लोग मेरी घडी देखके दुकान खोलते है.”

साळा मागून म्हणाला, “भाऊजी, जाऊ द्या ना. त्याच्या घड्याळाशी आपल्याला काय करायचं आहे?”

“तू चूप बस. माणूस सरकारी खुर्चीवर बसून खोटी वेळ लिहून राहिला आणि मी पाहू?”

नाकेदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं. उन्हात उभ्या बैलाकडं पाहावं तसं. “तो क्या लिखू?”

“जो सही है वो लिखो. दो पचास.”

त्यानं दोन पन्नास लिहिलं. मग बायकोकडून पहिल्या नाक्याची चिठ्ठी घेतली. तिच्यावर दोन दहा होते. बोटांवर मोजलं, आणि खणातून दुसरं पुस्तक काढलं, पावत्यांचं.

“चालीस मिनट,” तो म्हणाला. “पैंतालीस से कम नही चलता. जुर्माना.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा डोक्यात असा जाळ झाला की मी त्याच्या टेबलावर थाप मारली. दौत उडाली. आवाज ऐकून बाहेरचा शिपाई आत आला. मी बोलत सुटलो, की आम्ही वाटेत थांबलो, बाईला विचारा, निंबाची साल अजून गाडीत पडली आहे, मी सोळा वर्षांत कोणाच्या पुढं गाडी घातली नाही. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, आणि हे मी आजवर आम्हा तिघांबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं, “बाबू, एक बात बोल दो. बोल दो की मेरी घडी सही है. मै दो पचास काटके तीन लिख देता हू. पचास मिनट हो जाएगा. जाओ.”

एवढंच बोलायचं होतं. त्याची घडी बरोबर आहे. चार शब्द.

“आपकी घडी गलत है,” मी म्हणालो.

त्यानं माझं लायसन मागितलं. पुस्तक चाळलं, मागची कोरी पानं पाहिली, आणि खणात ठेवलं. “सुबह आना. आठ बजे के बाद साहब के पास कागज जाएगा. जुर्माना भरोगे तो इस पर चढेगा. गाडी यही रहेगी.”

यावर चढेल, हे ऐकलं आणि मला बाप दिसला. देवापुढं बसलेला, पुस्तक हातात, पान उलटताना.

नाक्यापुढं थोड्याच अंतरावर गाव होतं, तिथं एक लॉज. आम्ही सामान उचलून पायी निघालो. साळ्याच्या एका हातात पेटी, दुसऱ्यात ट्रान्झिस्टर. तो काही बोलत नव्हता, पण त्याची न बोलायची पण एक तऱ्हा होती. बायको मात्र बोलली.

“एक वाक्य म्हटलं असतं तं तोंड झिजलं असतं काय?”

“खोटं काहून बोलू?”

“बाजारात साडीचा भाव करता तवा खोटं नाही बोलत?”

“भाव येगळा.”

“हव, येगळाच. तिथं तुमच्या घडीले कोणी बोलत नाही.”

साळा खोकला. तो हसू दाबत होता हे मला पाठीकडून पण कळलं. मी पेटी त्याच्या हातातून हिसकून घेतली आणि पुढं चालू लागलो.

दिवस बुडायच्या सुमाराला लॉजच्या ओसरीत बसलो होतो. साळ्यानं ट्रान्झिस्टर लावला. खरखर, खरखर, आणि मग दिल्ली लागली. सातचा ठोका पडला. मी मनगट पाहिलं. काटा सातवर, एक केस इकडं नाही की तिकडं नाही.

“पाह्य,” मी म्हणालो. “पाह्य गा, शिकलेल्या माणसा. कोणाची घडी बरोबर आहे?”

साळ्यानं पाहिलं आणि मान हलवली. पहिल्यांदा त्याच्या तोंडावर माझ्यासाठी थोडा मान दिसला. “भाऊजी, तुमचं खरं आहे. उद्या मी येतो, साहेबाशी इंग्रजीत बोलतो. त्या म्हाताऱ्याला सोडायचं नाही.”

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. बायकोकडं पाहिलं तर तिचा हात बटनावर. तिला बातम्या नको होत्या, गाणं हवं होतं. काटा फिरवता फिरवता तिथलंच स्टेशन लागलं. एक बाई नेपाळीत वेळ सांगत होती. भाषा सारी नाही समजली, पण सात समजलं आणि बारा समजलं. सात वाजून बारा.

माझ्या मनगटावर सात वाजून दोन झाले होते.

आधी बायकोला उमजलं. ती हळूच म्हणाली, “अहो, इथली येळच दहा मिनटं पुढं चालते वाटते.”

लॉजवाला चहाचे पेले उचलत होता, त्याला साळ्यानं विचारलं. तो सहज म्हणाला, “हा जी, इंडिया से दस मिनट आगे. दूसरा देश है ना.”

दुसरा देश. अरे, मग दांड्यापाशी सांगायचं होतं. गाडीचा कागद केला, शिक्का मारला, टायर मोजले, डिकी उघडून लोणच्याची बरणी हुंगली. एवढं सारं केलं, मग काटा पुढं करा हे सांगायला कोणाची जीभ झिजत होती? साळा एवढा शिकलेला, जगाचं ज्ञान सांगणारा, त्याला माहीत नव्हतं? त्या नाकेदाराला तर माहीत असणारच. रोज हिंदुस्थानातल्या गाड्या येतात. त्यानं का नाही सांगितलं, की बाबा, आमची वेळ वेगळी आहे? मी ओसरीत उभा राहून हे सारं मोठ्यानं बोललो.

“तुम्ही सांगू दिलं काय त्याले?” बायको म्हणाली.

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती आत गेली. साळा मान खाली घालून ट्रान्झिस्टरच्या पट्ट्याशी खेळत बसला. आता तो हसत नव्हता, आणि ते मला जास्त लागलं.

खरं सांगतो, चूक माझी असती तर मला एवढा राग आला नसता. माझी घडी बरोबर होती. त्याची पण बरोबर होती. मी सावकाश आलो होतो हे पण खरं, आणि मीच भांडून भांडून वहीत माझा गुन्हा लिहून घेतला हे पण खरं. त्या म्हाताऱ्यानं तर मला सोडवायला हात पुढं केला होता. त्याच्या टेबलावर मी थाप मारली होती.

साळा थोड्या वेळानं म्हणाला, “भाऊजी, दंड भरून टाकू. मी भरतो. विषय संपेल.”

“आणि पुस्तकावर चढेल ते तुझ्या बापाले दाखवू का माझ्या?”

त्यानं ट्रान्झिस्टर बंद केला.

“उद्या तुम्ही दोघं इथंच राहा,” मी म्हणालो. “माझ्या मागं कोणी आलं तं पाहा.” काय करणार आहे ते सांगितलं नाही. मला पण ठाऊक नव्हतं. दोनच वाटा होत्या. एक, दंड भरून पान काळं करायचं आणि मान ताठ ठेवायची. दुसरी, ते चार शब्द. बाप पान पाहणार होता. मान त्याला कुठून दिसणार?

सकाळी हापशावर आंघोळ केली. धुतलेला सदरा घातला. बायकोनं रुसल्या तोंडानं चहा पुढं केला, तो प्यायलो नाही. नाक्यावर पोहोचलो तेव्हा नाकेदार बनियनवर बाहेर उभा राहून मंजन लावत होता. त्यानं मला पाहिलं, चूळ भरली, आत गेला, अंगात कोट घालून टोपी ठेवली आणि खुर्चीवर बसला. वही उघडली. टेबलावर काल सांडलेल्या शाईचा डाग होता.

“आपकी घडी सही है,” मी म्हणालो.

तो हसला असता तर मी परत भांडलो असतो. तो हसला नाही. ‘आता समजलं का’ असं पण म्हणाला नाही. त्यानं दोन पन्नासवर आडवी रेघ मारली, वर तीन लिहिलं, आणि रेघेपाशी माझी सही घेतली. पावती फाडून केराच्या टोपलीत टाकली. खणातून लायसन काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवलं. मी मागची पानं उघडून पाहिली. कोरी होती.

गाडी नाक्यावरून सुटल्याची वेळ लिहायची राहिली होती. त्यानं टाक दौतीत बुडवला, मागं वळून घड्याळ पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

“कितने बजे?”

मी मनगट सदऱ्याच्या बाहीत ओढलं, भिंतीकडं पाहिलं, आणि सांगितलं, “सात चालीस.”