चर्चकडे पाठ केलेला नकाशा

"तुम्ही माझ्या आईला खोबरं वाळवायच्या शेडमध्ये पुरलंत."

मादाम लिझेत हे त्यांच्या क्रेओल भाषेत बोलल्या आणि त्यांच्या मुलीनं, रोझलीननं, मला इंग्रजीत सांगितलं. लायब्ररीच्या टेबलावर मी तीन आठवडे खपून केलेला भलामोठा नकाशा पसरला होता. मादामचं बोट त्यावरच्या एका बारीक क्रॉसवर होतं. माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं असणार.

मी मूळची पुण्याची. गॅटविक विमानतळाजवळच्या एका टाउनमध्ये कौन्सिलच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटला कॉम्प्युटरवर नकाशे करायचे. कुणाचं कुंपण फुटपाथवर आलंय, कुठल्या रस्त्यावर किती झाडं, असली कामं. दोन हजार सालानंतर आमच्या भागात दिएगो गार्सियाची माणसं राहायला येऊ लागली. हे हिंदी महासागरातलं बेट. ब्रिटिश सरकारनं ते अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं आणि तिथली झाडून सगळी माणसं जहाजांत भरून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. नारळाच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसं ही. पुढे ब्रिटिश पासपोर्ट मिळाल्यावर काही जण इकडे आले.

लायब्ररीनं त्यांच्या आठवणींचं प्रदर्शन ठरवलं आणि जुन्या वस्तीचा नकाशा माझ्या गळ्यात पडला. पण खरी निकड प्रदर्शनाची नव्हतीच. मादाम आणि आणखी काही जणांना बेटावर जाऊन घरच्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायची परवानगी मिळाली होती. एकच दिवस, तोही सैनिकांच्या पहाऱ्यात. तीस-पस्तीस वर्षांत तिथे रान माजलेलं. आईची जागा कागदावर बरोबर असेल तरच त्या वेळात ती सापडणार होती. निघायला दहा दिवस उरले होते.

आता माझा प्रताप ऐका. आधाराला होता ब्रिटिश नौदलाचा एक जुना नाविक नकाशा. हा जहाजांसाठी असतो. त्यात पाण्याची खोली हातहात मोजलेली असते आणि जमीन बहुतेक कोरी सोडतात, कारण जहाजाला तिचं काय करायचंय? त्यावर वस्तीतल्या तीनच गोष्टी होत्या. धक्का, चर्च आणि एक बारका चौकोन. बाकी सगळं मादामच्या तोंडून आलं होतं. त्यांनी सांगितलं, चर्चच्या उजव्या हाताला आमचं घर, पुढे दफनभूमी, डाव्या हाताला शेड. मी तसंच काढलं. तर दफनभूमी नेमकी त्या चौकोनावर येऊन बसली. मी म्हटलं, चौकोन काढणारा सर्व्हेयर चुकला असेल. आणि चौकोन पुसून टाकला! ब्रिटिश नौदलाला चुकीचं ठरवायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

माझा बॉस ग्रॅहम शेजारीच उभा होता. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. छापील आधार नसेल तर कौन्सिलच्या नकाशावर साधं झुडूपही येऊ द्यायचा नाही. तो हळूच म्हणाला, "मेमरी इज नॉट अ सोर्स, सुनीता." म्हाताऱ्या बाईला नीट आठवत नसेल, दफनभूमी गाळून टाकू, असं त्याचं म्हणणं. आईच गाळायची तर बाईंनी नकाशा घेऊन करायचं काय?

मादामनी आमच्याकडे दुर्लक्ष केलं. नकाशाच्या निळ्या बाजूला, म्हणजे पाण्याकडे, खुर्ची ओढून त्या बसल्या आणि चक्क वल्ही मारू लागल्या. त्यांच्या गावात कुठूनही यायचं तर होडीनंच. होडीतून समोर आधी धक्का, मग चर्च. त्यांनी उजवा हात पसरला. घर. आणखी पुढे, आई. माझ्या नकाशावर त्या हाताला शेड होती.

मी कपाळावर हात मारला. पुण्यात पत्ता सांगतात तो असा, की मारुतीच्या देवळाकडे पाठ करून उभे राहा आणि उजवीकडे वळा. मी चर्चला मारुती समजून त्याच्याकडे पाठ केली होती आणि अख्खी वस्ती उलटी झाली होती. मी हे कबूल केलं. रोझलीननं भाषांतर केल्यावर मादामनी विचारलं, "देवाकडे पाठ करून कोण उभं राहतं?"

"पुण्यात सगळेच," मी म्हटलं. त्या इतक्या हसल्या की लायब्रेरियन बाई बघायला आल्या.

तिथेच लॅपटॉप उघडून मी बाजू बदलल्या. शेड सरकली ती थेट मी पुसलेल्या नौदलाच्या चौकोनावर. ग्रॅहमनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मग गुपचूप खुर्ची ओढली आणि खालच्या कोपऱ्यात स्वतः टाइप केलं, 'स्रोत: मादाम लिझेत, माजी रहिवासी.' रोझलीननं ते वाचून दाखवलं.

"माजी खोडा," मादाम म्हणाल्या. "मी गाव सोडलं नाही. मला जहाजात बसवलं."

ग्रॅहमचे कान लाल झाले. त्यानं तो शब्द खोडला आणि सॉरी म्हणाला. दफनभूमी राहिली.

महिन्याभरानं मायलेकी ऑफिसात आल्या. मादाम उन्हानं रापल्या होत्या, खुशीत होत्या. सैनिकांनी त्यांना जमिनीवरून, मागच्या बाजूनं बसनं नेलं होतं. बाई उतरल्या त्या सगळ्यांना घेऊन आधी पाण्यापर्यंत चालत गेल्या, चर्चकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मग नकाशा उघडला आणि उजवीकडे निघाल्या. वेली बाजूला केल्यावर दगड दिसला, आईच्या नावाचा. तो त्यांनी घासून पुसून स्वच्छ केला, फुलं वाहिली. सांगताना त्या रडल्या, मीही रडले. ग्रॅहम चहा आणायला म्हणून उठला तो बराच वेळ आला नाही.

एका सैनिकानं तिथे त्यांना कौतुकानं विचारलं होतं, तुम्ही इथे पूर्वी आला होतात का?

मादामनी त्याला सांगितलं, "मी इथलीच. तुम्ही पाहुणे. उन्हात उभे राहू नका."

माझ्या हाताखाली कुणी नवीन आलं की मी एवढंच सांगते. गावच्या माणसाला आधी विचारा, तुम्ही उभे कुठे आहात? रेघ त्यानंतर मारा.