पोथीवरचं बोट

"बोट काढ," बाई बोलल्या.

मला वाटलं दुसऱ्या कोनाला तरी बोलल्या. मी वाचत व्हते. पाटावर बसून, हातपाय धुऊन, पदर खोचून वाचत व्हते.

"अगं, तुला सांगतेय. बोट काढ पोथीवरनं. पहिलीतली आहेस का?"

मी बोट काढलं. आनि ओळ हरवली.

डोळे खालीवर फिराय लागले. मगाशी वाचलेलीच ओळ परत वाचली. मंग दोन ओळी गाळल्या आनि राजाच्या वाड्यातनं एकदम दुसरीकडंच गेले. पाठीमागनं कोनतरी बोललं, "अगं, राजाला सोडून कुठे चाललीस?" आख्खा हॉल हसला. पंधरा-वीस बायका. चौथ्या मजल्याच्या वहिनींनी मोबाईल वर धरला व्हता. "थांब, थांब, तोंड दिसत नाही, जरा इकडे बघून वाच," बोलल्या. मी बघितलं. का बघितलं मला म्हाईत न्हाय. कोनी सांगितलं की मी बघते. तशी सवयच हाय.

बाईंनी माज्या हातातली पोथी घेतली. "दे इकडे. तू वाचलीस तर देवी उठून जाईल." परत हसल्या. आनि बसलेल्या घशानं बाईंनी उरलेली पोथी स्वता वाचली. मी पाटावरनं उठले आनि किचनच्या दाराकडं गेले. दारात माजी तनू उभी व्हती. हातात केळं, अर्धं सोललेलं. खात नव्हती. माज्याकडं बघत व्हती.

ते केळं मला अजून दिसतं.

नीट सांगते, मला पटापट बोलायची सवय हाय, मधीच सुटतं.

काल्हेरला नवीन टॉवर झालेत ना, त्यातल्या एका टॉवरमधी सातव्या मजल्यावर मी कामाला व्हते. झाडू, लादी, भांडी. बाई शाळेत शिकवतात म्हनून आख्खी बिल्डिंग त्यांना बाईच बोलते. आमी पाठच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत ऱ्हातो. मी, तनूचा बाप आनि तनू. तनू दुसरीला हाय. तिचा बाप मानकोलीला गोडाऊनमधी माल चढवतो, उतरवतो. बाई तशा वाईट न्हाय. सनाला गोड देतात. तनूला पाटी दिली व्हती. पन मी कपाटात पेपर घालाय बसले की वाचत बसायची, जुना पेपर, फाटका, कसला बी, तवा त्या हाका मारायच्या, "आमच्या विदुषी काय वाचतायत? कपाट आज होणार की पुढच्या वर्षी?" मी पन हसायची. मला वाटायचं ते कौतुक हाय.

मी सातवी शिकले. पुढची शाळा लांब व्हती, अकलोलीच्या अलीकडं आमचं गाव, गाडीचा भरोसा न्हाय, पोरगी मोठी झाली, बस, संपलं. पन वाचायचं वेड गेलं न्हाय. दुकानातला पुडा आनला की साखर डब्यात वतायची आनि पुड्याचा कागद आधी वाचायचा. औषदाच्या बाटलीवरचं वाचायचं. ट्रकच्या पाठीमागचं वाचायचं. तनूला शाळेत सोडाय जाताना आमचा खेळच व्हता. ती बोर्ड वाचायची, मोठ्यानं, रस्त्यावरचे लोक बघायचे. गोडाऊनचं नाव, टायरवाला, चहावाला, "येथे थुंकू नये." ते वाचून तर ती दरवेळी हसायची. कारन खाली सगळं लाल.

आनि पोथी. मार्गशीर महिन्याचे गुरवार आले की माज्या आईच्या घरी घट मांडायचा. तांब्या, पाच पानं, नारळ, हळदीकुंकू. आईला अक्षर येत नव्हतं. पाड्यातल्या कुनालाच येत नव्हतं. मी चौथीत व्हते तवापासनं पोथी मीच वाचायची. समईच्या उजेडात दिसायचं न्हाय म्हनून ओळीखाली बोट ठेवायचं आनि सरकवत न्यायचं. बायका दिवसभर शेतात वाकलेल्या, दमलेल्या, तरी कान देऊन बसायच्या. एक नियम व्हता. पोथी सुरू झाली की संपेपर्यंत कोनी उठायचं न्हाय, बोलायचं न्हाय. पोर रडलं तर मांडीवर घ्यायचं. पोथी मधी तोडली तर घरावर दोष येतो. चौथीतली पोर मी, आनि आख्खा पाडा माज्या बोटाकडं बघत गप बसायचा. तसं सुख मला परत कदी भेटलं न्हाय. खोटं कशाला बोलू.

हा नियम बाईंच्या घरी पन हाय. दर गुरवारी त्या स्वता सांगतात, "पोथी सुरू झाली की कोणी उठायचं नाही, फोन बंद." त्या पयल्या गुरवारी त्यांचा घसा बसला व्हता, शाळेत गॅदरिंग. बाकीच्या बायका एकमेकींकडं ढकलत व्हत्या, मला वाचायची सवय नाही, माझा चष्मा राहिला. मंग बाईच बोलल्या, "आमची विदुषी वाचेल." मला खरं वाटलं. मी पळत जाऊन हात धुतले. दोनदा धुतले. भांड्याच्या साबनाचा वास जात नव्हता.

पुढं झालं ते आधीच सांगितलं.

पोथी माज्या हातातनं मधीच तुटली. तनूला काय झालं तर? तिच्या बापाला गोडाऊनमधी काय लागलं तर? वरनं खोका पडला तर? दोन दिवस मी त्याला निघताना दारात थांबवून थांबवून बघत व्हते. तो बोलला, "काय झालंय तुला? मी काय लढाईला चाललोय?"

तनूला ताप आला न्हाय. पडली न्हाय. काय बी झालं न्हाय.

तिनं वाचनं सोडलं.

मला आधी कळलंच न्हाय. शाळेत जाताना गप चालायची. मी बोलले, "तनू, तो बघ नवीन बोर्ड, काय लिवलंय?" तिनं मान खाली घातली. दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात. शाळेत गेले तर तिच्या शिक्षिका बोलल्या, "तन्वी उभी राहते, पुस्तक धरते, पण तोंड उघडत नाही. घरी काही झालंय का?" मी बोलले, "न्हाय, काय न्हाय." घरी येऊन मी तिला जवळ घेतलं, पुस्तक उघडलं, "वाच ना गं, माज्यासाठी." ती बोलली,

"हसतील."

"इथं कोन हाय हसाय?"

"तुला हसले ना."

सात वर्साची पोर. मी पुस्तक मिटलं.

तवर तो मोबाईलमधला व्हिडिओ बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरला व्हता. मला वॉचमननी सांगितलं. बिचारा हसत न्हवता. "भाभी, आपका वीडियो आया है सबके मोबाईल पे. मैंने तो डिलीट कर दिया." लिफ्टमधी पोरं माज्या आवाजात वाचून दाखवायची, बोट हवेत फिरवून. मी लिफ्ट सोडली. सात मजले जिन्यानं चढायची. दुसऱ्या गुरवारी पोट दुखतंय सांगून गेलेच न्हाय. मी घाबरट हाय. लहानपनापासनं. साहेब दिसला की घाबरते, फॉर्म दिसला की घाबरते, बेल वाजली तरी घाबरते.

पन ही भीती निराळी व्हती. मी सातवीत सुटले ते गाडीमुळं, गरिबीमुळं. माजी पोर दुसरीत सुटायला लागली व्हती ती माज्यामुळं. मला हसले ते तिनं बघितलं म्हनून. आनि मी गप उठले ते बी तिनं बघितलं म्हनून.

तिसऱ्या गुरवारी गेले. तनूला घरी ठेवाय कोन न्हवतं, ती संगं. हॉल आज जास्तच भरला व्हता. दुसऱ्या विंगच्या बायका पन. बाईंचा घसा एकदम चांगला व्हता. तरी बोलल्या, "ये गं विदुषी, बस. आज सगळ्या खास तुलाच ऐकायला आल्यात." वहिनींनी मोबाईल काढला.

तनू माज्या पदराला धरून व्हती. मी तिचा हात सोडवला आनि तिला पाटाच्या बाजूला बसवलं. किचनमधी न्हाय. तिथं. समोर.

बाईंनी नेहमीसारखं सांगितलं, "पोथी सुरू झाली की कोणी उठायचं नाही."

मी पोथी उघडली. बोट ठेवलं.

आवाज फुटेना. मंग फुटला, एकदम मोठा, पाड्यात वाचायची तसा, हेल काढून. हसल्या. मी वाचत ऱ्हायले. "बोट, बोट," कोनतरी बोललं. बोट सरकत ऱ्हायलं. ओळ सुटली न्हाय. जोडाक्षर आलं की थांबायची, फोडायची, वाचायची. दोन पानं झाली. हसनं कमी झालं, कारन मी कुनाकडं बघतच न्हवते. हसनाऱ्याला बघनारं कोनतरी लागतं.

किचनमधी प्रसादाचं दूध ठेवलं व्हतं. मीच ठेवलं व्हतं. ते वर आल्याचा आवाज आला. मंग वास.

बाई बोलल्या, "बस झालं आता, दे." आनि हात पुढं केला. तसाच, गेल्या वेळेसारखा.

मी पोथी छातीशी धरली. माजं मलाच कळलं न्हाय. मी बोलले,

"बाई, बसा. पोथी मधी तोडायची न्हाय. तुमीच सांगितलंय."

बाई अर्ध्या उठलेल्या. त्यांनी घटाकडं बघितलं. मंग बसल्या. दूध उतू जात व्हतं, गॅसवर चर्र चर्र करत व्हतं, करपायचा वास हॉलमधी आला, वहिनींनी नाकाला पदर लावला, तरी एक बाई उठली न्हाय. देवीच्या भीतीनं. माज्यासारख्याच गप. मोठ्या फ्लॅटवाल्या, शिकलेल्या, गाडीवाल्या. ह्या पन घाबरतात. मला वाटायचं भीती फक्त आमच्या गल्लीत ऱ्हाते.

मी शेवटपर्यंत वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली, नियम हाय म्हनून. पोथी मिटली, कपाळाला लावली, घटासमोर ठेवली. मंग जाऊन गॅस बंद केला. शेगडी घासली. काम माजं व्हतं.

बायका गेल्यावर बाई बोलल्या, "किल्ली ठेव. उद्यापासून येऊ नकोस. पाहुण्यांसमोर मला बसवतेस?" आवाज चढवला न्हाय. शाळेत बोलत असतील तसंच बोलल्या. मी किल्ली ठेवली. खाली येईपर्यंत मला रडू आलं, सतराशे विचार, काम गेलं, आता काय, कुठं जाऊ. हे कोनाला वाटू नये की मी लय धीराची निघाले. मी जिन्यात बसून रडले.

आता कालची गोष्ट. चौथ्या मजल्याच्या वहिनींचा नवरा तनूच्या बापाच्या गोडाऊनमधी सुपरवायझर हाय. त्यानं ह्यांना बोलावून सांगितलं, बायकोला सांग, माफीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाक. बाईंचा मान ऱ्हाईल. काम बी परत भेटंल. न्हायतर तुजी शिफ्ट बदलावी लागंल.

हे घरी आले, मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला. मला बसाय सांगितलं. चिडले न्हाय. आवाज बारीक झाला व्हता. "दोनच वाक्य बोल. 'माझं चुकलं. मी परत वाचनार न्हाय.' बस. एका मिंटाचं काम हाय. आपलं काय जातं?"

तनू चटईवर बसली व्हती. बापाकडं न्हाय, मोबाईलकडं न्हाय. माज्या तोंडाकडं बघत व्हती. दिव्याकडं बघावं तशी, ऱ्हाईल का विझंल.

मला सुचत न्हवतं काय करावं. ह्यांची शिफ्ट खरीच बदलंल. कदाचित कामच जाईल. हे काय खोटं बोलत न्हवते.

मी मोबाईल उचलला आनि ह्यांच्या हातात दिला. बोलले, "न्हाय."

"अगं पन..."

"पोथी वाचली. चोरी केली न्हाय. न्हाय बोलनार."

हे रात्री जेवले न्हाय. माज्याशी बोलत बी न्हाय अजून. तनूनं तोंड उघडलेलं न्हाय. मी तिला विचारलं बी न्हाय. उघडंल का न्हाय, कदी उघडंल, मला म्हाईत न्हाय.

उद्या शेवटचा गुरवार. घट मी माज्या खोलीत मांडनार. गल्लीतल्या बायकांना सांगून आले, मराठी वाल्या, हिंदी वाल्या, ज्यांना यायचंय त्या या. कोनी बोललं बघू, कोनी बोललं येतो. कोनी न्हाय आलं तरी दार उघडं ठेवनार आनि मोठ्यानं वाचनार. व्हिडिओ काढायचा तर काढा. ह्यांची शिफ्ट बदलली तर मी दुसरी चार घरं धरंन, गोडाऊनला पॅकिंगला जाईन. भीती वाटते. आता हे सांगताना बी वाटते. वाटू दे.

पन माज्या पोरीसमोर, वाचल्याची माफी, मी मागनार न्हाय.