आठव्यात वेस ओलांडत नाहीत

माझा नवरा प्रशांत कधी लॅबमध्ये येत नाही. सुई बघितली की त्याला गरगरतं. त्या दिवशी सकाळी तो दारात उभा दिसला तेव्हा मी एका आजोबांचं रक्त घेत होते. ट्यूब भरली, त्यांना कापूस दाबून धरायला सांगितलं, लेबल लावलं... आणि मग बाहेर गेले. "आई गेल्या," तो म्हणाला. स्वतःच्या आईला तो मम्मी म्हणतो, त्यामुळे कुणाची, हे विचारावं लागलं नाही. पहाटे गिरणीचं शटर वर करताना तिच्या छातीत कळ आली. माझे वडील, आप्पा, घरातून धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पुन्हा आत गेले आणि उरलेल्या ट्यूबांवर नावं घातली. रडू आलं नाही. नीट असं अजूनही आलेलं नाही.

कवठे महांकाळला आमची पिठाची गिरण. आप्पा फौजेत असल्यामुळे गिरण आईनंच चालवली, आणि ते निवृत्त होऊन आले तरी त्यांच्या हातात दिली नाही. "तुमी भाकरी खावा, पिठातलं तुमाला काय कळतंय," असं ती त्यांना चारचौघांत सुनवायची. भुवया कायम पांढऱ्या. गिरणीच्या आवाजावर मात करून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे फोनवरही इतकी मोठ्यानं बोलायची, की मी फोन कानापासून वीतभर लांब धरायचे. माझ्या जन्माची गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ होती. कळा सुरू झाल्या तेव्हा कुणाची तरी ज्वारी अर्धी दळून झाली होती. आईनं उरलेली दळली, डबा झाकला, मोटर बंद केली आणि मग चालत दवाखाना गाठला. ती मिरवण्यासाठी हे सांगते, असं मला वाटायचं.

मला सातवा लागला तेव्हापासून आमची रजेवरून जुंपली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी जायचं ते सातव्यात नाहीतर नवव्यात. आठव्यात गरोदर बाईनं वेस ओलांडायची नाही, हा आमच्याकडचा दंडक. आईचं म्हणणं होतं, सातव्यातच ये. माझं गणित वेगळं होतं. रजा सव्वीस आठवड्यांची. आधी घेतलेला प्रत्येक दिवस बाळ झाल्यावर त्याच्या वाट्यातून कमी होणार. लॅबमधल्या सगळ्याजणी शेवटपर्यंत काम करूनच गेल्या होत्या. माझं पोट टेबलाला टेकत होतं, हात लांबवून सुई लावावी लागत होती, आणि खेड्यावरून आलेला एखादा पेशंट खुर्चीवरून उठून म्हणायचा, "म्याडम, तुमी बसा, मी उभ्यानं देतो रक्त."

हे मी हसत हसत फोनवर सांगितलं. आई हसली नाही. "रजा काय मुरांबा हाय व्हय, बरणीत भरून ठिवायला?"

"तू नाही का कळा येईपर्यंत गिरण चालवलीस?"

एरवी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात ती म्हणाली, "आगं, मला बास कर म्हणणारं कुणी नव्हतं. तुझा बाप तिकडं बर्फात, सासू आंथरुणात. हौस हुती व्हय मला?"

शेवटी तिनंच तोड काढली. "ऱ्हा बाई सातव्यात कामावर. आठव्यात हलू नगंस. नववा लागला की मी सोता न्यायला येते." ठरलं. ती येईल त्या दिवशी माझी रजा सुरू होणार होती.

ती गेली ती माझ्या आठव्या महिन्यात. सासूबाईंनी घाबरत घाबरत आप्पांना फोन लावला, पोरीला आणायचं का म्हणून. आप्पा म्हणाले, "नगा आणू. तिचाच शब्द हाय." प्रशांत एकटा गेला. व्हिडिओवर दाखवू का, म्हणाला. मी नको म्हटलं. तीन दिवसांचं सुतक पाळलं आणि चौथ्या दिवशी कामावर गेले. कामात मन रमतं, असं सगळे म्हणाले. मन वगैरे काही नव्हतं. शीर सापडत होती, सुई जात होती, एवढंच. लॅबच्या सरांनी एकदा हळूच विचारलं, रजा कधीपासून? मी म्हटलं, बघते. बाळंतपण इथंच सातारला करू, असं सासूबाई म्हणाल्या, मायेनं म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणत होते. रजा घेऊन करायचं काय, जायचं कुठं, हेच कळत नव्हतं.

नववा लागला आणि आईचं पहिलं मासिक श्राद्ध आलं. आता वेस ओलांडायला कुणाची हरकत नव्हती. शनिवारी जाते, सोमवारी कामावर येते, असं सरांना सांगून आम्ही निघालो. विधी झाला, जेवणं झाली. गिरण बंदच होती. मी शेजारच्या सुमनकाकूंना विचारलं, "काकू, आई अशी अचानक गेली, तुमच्या सगळ्यांच्या दळणाची पंचाईत झाली असेल ना?"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "पंचाईत कशाची? आमी आधीच दुसरीकडं सोय बघून ठिवली हुती. तुझ्या आईनंच सांगितलं हुतं की समद्यास्नी. नववा लागला की लेक येतीया, तीन म्हैनं माझी गिरण बंद, कुणी डबा आणू नगा. लय खुशीत हुती गं. म्हणायची, जल्मात पयल्यांदा सुट्टी घेतीया."

मी उठले. आप्पांकडून किल्ली घेतली, त्यांनीच शटर वर करून दिलं. आत पिठाचा वास तसाच होता. जात्याशेजारच्या कडाप्प्यावर माझ्या लहानपणापासून डब्यांची रांग असायची, स्टीलचे, पत्र्याचे, दोरी बांधलेले. तो कडाप्पा मी पहिल्यांदाच रिकामा बघितला.

तिथूनच सरांना फोन केला. "सर, माझी रजा आजपासून धरा."

"आजपासून? सोमवारी येणार होतीस ना?"

"नाही. आजपासूनच."

प्रशांत दुसऱ्या दिवशी एकटाच सातारला गेला. मी इथंच आहे. दुपारी आप्पा शटर वर करून देतात, मी खुर्ची टाकून कडाप्प्याशेजारी बसते. बाळ लाथा मारतं. रस्त्यानं बायका दळणाचे डबे घेऊन जातात, मला बघून थांबतात, कसं आहे विचारतात, आणि पुढच्या गिरणीकडे निघून जातात.