स्वयंपाकघराच्या दारातली चप्पल

मागच्या उन्हाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. मनगट मुरगळण्यावर निभावले. डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, की हाडे ठिसूळ झाली आहेत. पुन्हा पडल्या तर खुब्याचे हाड मोडेल आणि मग अंथरूण सुटणे कठीण. आई सत्त्याऐंशी वर्षांची, मी सदुसष्टची. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच.

आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे कोणतेही काम मला टप्प्याटप्प्यानेच सुचते. कागद-पेन्सिल घेऊन मी घरभर फिरले. सरकणारी पायपुसणी उचलली, कूलरचा पाइप भिंतीच्या कडेने नेला, संडासात धरायला दांडी बसवून घेतली. शेवटी खरबरीत तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल आणली आणि घरात सतत घालायची, असे आईला बजावले.

"घरात चप्पल! मले काय पाहुणी समजून राहिली का वं?" ती म्हणाली, पण घातली. मी कागदावर शेवटची खूण केली.

दहा-बारा दिवसांनी दुपारी मी वरणाला फोडणी देत होते. मागे डबा आपटला. वळून पाहते तो आई स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर उभी. दुसऱ्या पायाची चप्पल अर्धी निघालेली, एक हात पट्ट्यात, दुसरा फ्रिजला घट्ट. मी धावत जाऊन तिला धरले.

"आई, चप्पल काढायची नाही म्हटलं होतं ना?"

"संडासातल्या चपलेनं चुलीपाशी येऊ? काहून, भिवापूरले माह्या मायनं असं शिकवलं होतं का मले?"

म्हणजे ती रोज, कितीतरी वेळा, त्या दारात अशी एका पायावर उभी राहत होती. आणि ते मीच तिच्या मागे लावून दिले होते. धडा सुरू करण्यापूर्वी मुलांना काय ठाऊक आहे ते विचारा, असे मी नव्या शिक्षिकांना सांगत असे. घराचा कोपरान् कोपरा मी तपासला होता. आईला मात्र एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्या दिवशी विचारले. ठरले ते असे: दारात हात असलेली खुर्ची ठेवायची आणि स्वयंपाकघरापुरती वेगळी, कोरी चप्पल. बसून बदलायची, मगच उठायचे. आईने एकच अट घातली.

"तूही बदलायची. नियम का म्हातारीलेच?"

तेव्हापासून दिवसातून पंधरा-वीस वेळा मीही त्या खुर्चीत बसते. गुडघे दुखतात, दूध उतू जाते. काल इतकी थकले होते, की दाराला टेकून उभ्यानेच चप्पल काढू लागले. आई बाहेरच्या खोलीतून पाहत होती.

"बस वं खाली. तू पडली तं मले कोण उचलीन?"

मी बसले.