रेकॉर्ड, सीडी आणि पहिलं व्हायोलिन

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, आणि माझ्या रेकॉर्डवरचं व्हायोलिन बोथट झालं होतं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, असं चौघांचं पाश्चात्त्य वादन मी शाळेत गणित शिकवायला लागल्यापासून ऐकत आलो. कोल्हापुरात हे वेड असलेला बहुधा मी एकटाच. बायको त्याला ‘चौघांची भाऊबंदकी’ म्हणायची. पूर्वी त्यातलं पहिलं व्हायोलिन वर चढलं की माझ्या अंगावर काटा यायचा. आता ते वर चढायचं आणि धुक्यात शिरल्यासारखं नाहीसं व्हायचं.

आधी मी सुईला दोष दिला आणि नवी सुई आणली. मग रेकॉर्डला दिला. रिठ्याच्या पाण्यात जुन्या धोतराचा मऊ तुकडा बुडवून सगळ्या तबकड्या पुसल्या आणि ताटाळ्यात उभ्या करून वाळवल्या. “आता हळदकुंकू तेवढं वाहा,” बायको म्हणाली. फरक शून्य. दोष द्यायला काही उरेना, तेव्हा स्वतःच्या कानांचीच शंका यायला लागली. कारण वर्गातल्या मागच्या बाकांवरची कुजबुजही मला कळेनाशी झाली होती. पोरं सभ्य झाली असं मी धरून चाललो होतो. कोल्हापूरची पोरं!

अशात मस्कतला नोकरी करणारा मेहुणा सुट्टीवर आला आणि सीडी प्लेअर घेऊन आला. मी कळवल्याप्रमाणे त्याच वादकांची, त्याच वादनाची सीडीही त्याने आणली होती. सीडीला सुई टेकत नाही, ती झिजत नाही, हे मी वाचलं होतं. तिच्यावर व्हायोलिन लखलखीत ऐकू आलं तर दोष रेकॉर्डचा. नाही आलं तर? त्याच्या पुढे मी विचारच करत नव्हतो.

रविवारी सकाळी तुलना ठरली. कॉलेजातला माझा मित्र कसबा बावड्याहून आला. घरचा ऊस, पण कान ख्यालावर पोसलेला. आमच्याकडे रीत अशी, की पहिला भाग संपेपर्यंत चहा नाही आणि बोलणंही नाही. आधी रेकॉर्ड लावली, मग सीडी. मी डोळे मिटून बसलो. चेलो घुमला, व्हिओला आला. व्हायोलिन वर गेलं आणि सीडीवरही तिथेच, त्याच धुक्यात विरलं. मला दोन्हींत तसूभर फरक कळला नाही.

“बघा, किती स्वच्छ!” मेहुणा म्हणाला.

“स्वच्छ हाय की,” मित्र म्हणाला. “पर दवाखान्यागत स्वच्छ. त्या वरच्या व्हायोलिननं कान कापला पार. रेकॉर्डवर कसं, चौघं म्होरं बसल्यागत वाटत्यात. खरखर हाय, ती असू द्या.”

“कसली खरखर?” मी विचारलं. “परवाच पुसल्यात सगळ्या.”

तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. “मास्तर, चेष्टा करताय व्हय? पयल्यापास्नं तडतड चाललीया की. फुटाणं भाजल्यागत.”

मेहुणा सीडीच्या डबीशी चाळा करत राहिला. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “तुला येते ऐकू?” मी तिला विचारलं.

“चहा निवतोय,” ती म्हणाली.

तोंडावर बोलायला कधी मागेपुढे न पाहणारी ही बाई त्या दिवशी बगल देऊन गेली. मी घाबरलो, अगदी सरळ घाबरलो. चौघांतला एक आत्ताच उठून चालला होता. बाकीचे किती दिवस बसणार? आणि त्यांच्यामागून माणसांचे आवाज जायला लागले तर? चहा कसा होता ते मला आठवत नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे जायचं बायकोनेच ठरवून टाकलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. शाळेतून आलो. ती आत साडी बदलत होती, तेवढ्यात मी रेकॉर्डची दुसरी बाजू लावून सुई थेट शेवटच्या भागावर टेकवली. तो भाग संथ आहे. त्यात खालचे तिघं एकेक करून थांबतात आणि पहिलं व्हायोलिन एकटंच वर जात, बारीक होत मिटतं. मी स्पीकरला कान लावून बसलो. चेलो थांबला. व्हिओला थांबला. दुसरं व्हायोलिनही थांबलं.

आणि पहिलं आलं! बारीक, पण पूर्वीसारखं धारदार. धुकं नाही, काही नाही. ते वर जात राहिलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. उगाच जीव टांगणीला लावून घेतला, असं वाटलं. डॉक्टर गेले खड्ड्यात.

“अगं, ये लवकर,” मी ओरडलो. “ऐक, येतंय मला!”

ती निऱ्या सावरत आली आणि माझ्या शेजारी वाकून उभी राहिली. तिने स्पीकरकडे कान नेला, मग माझ्याकडे पाहिलं.

“अहो, ते संपलंय की कधीच,” ती म्हणाली. “तबकडी नुसतीच फिरतीये.”

तिने हात लांब करून सुई उचलली आणि बाजूला ठेवली. तबकडी थांबली. व्हायोलिन वाजतच होतं.