चिंबोरी आणि वरकसावरचा राब

गाडी टेम्पोतून आमच्या दारात उतरली तेव्हा सगळ्यात आधी हसला तो माझा चुलत काका. दोन सीटा शेजारी-शेजारी, डोक्यावर नुसते लोखंडी पाइप, मागे छोटासा हौदा आणि चारी चाकं खेकड्याच्या पायांसारखी बाहेर फाकलेली. काका तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चिंबोरी आणलीस काय गं?" गावाला तेच नाव पटलं.

ती मी निवडली होती, म्हणून मला हसता आलं नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी डोंगरावरच्या आंब्यावरून पडले आणि कमरेपाशी हाड मोडलं. सुकापूरच्या अंगाला असलेली आमची भातखाचरं तोवर इमारतींखाली गेली होती. राहिलं होतं ते फक्त डोंगरउतारावरचं वरकस, जिथे भात होत नाही, नाचणी होते. ऑपरेशननंतर बाबा अंगणात काठी घेऊन चालत, पण चढ त्यांना जमत नसे. सकाळी उठून ते ओट्यावर बसत आणि डोंगराकडे बघत. जेवायला आत येत, पुन्हा बाहेर जात. जमिनीचा दलाल आठवड्याला यायचा आणि म्हणायचा, पडीकच आहे, देऊन टाका. एकदा दलाल गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "यंदा राब नाय झाला तर देऊन टाकू."

राब म्हणजे ज्या तुकड्यात रोपं करायची तिथे पेरणीआधी टहाळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या, पाला आणि शेण पसरून ते जाळायचं. पाऊस पडायच्या आत. टहाळ भिजला की वर्ष गेलं.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठलीही गोष्ट "वाचून बघ" म्हणून माझ्याकडे यायची. मला विज्ञानातलं थोडं कळत होतं, गाड्यांतलं काहीच नाही. तरी पनवेलच्या इंटरनेट कॅफेत बसून मी शोधत राहिले. मोटरसायकलवर बाबांना पाय फाकवून बसता येत नव्हतं. ट्रॅक्टरवर चढणंच अवघड. जुनी जीप घ्यावी तर डोंगराची बैलगाडीची वाट दोन दगडी बांधांमधून जाते. मी आणि आईने सुंभ धरून ती वाट मोजली. जीप अडकली असती.

मग रस्ता नसलेल्या जागी चालणाऱ्या या गाड्या सापडल्या. शोरूममधल्या माणसाने विचारलं, "रेसिंगसाठी हवी की रिसॉर्टसाठी?" मी म्हटलं, शेतीसाठी. राब हा शब्द त्याच्यासमोर माझ्या तोंडून निघाला नाही. पण त्याने नीट समजावलं. एक जात नुसती पळणारी, दुसरी ओझ्याची, सीट खाली असलेली, चढाला हळू गिअर असलेली. आणि अशा गाडीला नंबर मिळत नाही, ती रस्त्यावर चालवायची नाही, हेही त्याने दोनदा सांगितलं. नवी घेणं आमच्याने होणार नव्हतं. माथेरानच्या डोंगराखाली एका फार्महाऊसवर ओझ्याची जुनी गाडी विकायची आहे असं कळलं. तिथे मी आधी बाबांना सीटवर बसवून पाहिलं. ते बसले, समोरचा पाइप धरला आणि बराच वेळ उतरले नाहीत.

"टेकायला बरी हाय," एवढंच म्हणाले.

माझा भाऊ न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. घरी कमी असतो, म्हणून चालवायचं मीच ठरलं. एका रविवारी त्याने शेजाऱ्यांच्या कोरड्या खाचरात मला शिकवलं. "पुस्तकातलं आठवू नको," तो म्हणत होता, "पायाकडे लक्ष दे. आन डोळे उघड."

वरकसावर एका कातकरी जोडप्याने टहाळ तोडून, पसरून ठेवला आणि ते वीटभट्टीवर परत गेले. आता फक्त पेटवायचं होतं. पण पेटवायचे दिवस आणि लग्नाचे दिवस एकच असतात, हे मी गाडी निवडताना लक्षातच घेतलं नव्हतं.

काका आला. त्याच्या मुलाची हळद होती. "नवरा चिंबोरीवर येईल. गावात कोणाचा आला नाय असा." बाबा लगेच म्हणाले, "ने की." मी किल्ली काढून दिली. गाडी परत आली ती पिवळी होऊन, पाइपांना झिरमिळ्या, आणि रात्रभर दिवे लावल्याने बॅटरी बसलेली. ती नीट होईपर्यंत दुसऱ्या घराची मागणी आली, मग तिसऱ्या. बाबा कोणालाच नाही म्हणेनात. माझी परीक्षा चालू होती. पेपर लिहिताना खिडकीतून ढग दिसले की माझा हात थांबायचा.

शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही पेटवायचा दिवस ठरवला. आदल्या संध्याकाळी काका पुन्हा आला. या वेळी त्याच्या मेहुण्याच्या मुलाची हळद.

"उद्या सकाळीच नेतो. सजवायला येळ लागतो."

"उद्या नाही देता येणार, काका," मी म्हटलं. आवाज माझाच मला बारीक वाटला.

काकाने बाबांकडे पाहिलं. "आता पोरगी बोलते काय तुमच्या घरात?"

बाबा काठीशी चाळा करत राहिले.

"तुज्या बापाला मी पाठीवर आणला डोंगरावरनं," काका मला म्हणाला. "तवा कुठं व्हती तुजी चिंबोरी?"

"आणलंत, काका. तिथेच जायचंय त्यांना. टहाळ पडलाय वर."

तो उठला. आईने चहा टाकला होता, तो तसाच राहिला. बाबा म्हणाले, "असं तोंडावर बोलायचं नसतं गं." पण गाडी देऊ असं म्हणाले नाहीत.

सकाळी निघालो. मधला डांबरी रस्ता ओलांडायचा तेवढाच, पण आई आधी जाऊन रस्त्याच्या मध्ये हात पसरून उभी राहिली आणि दोन डंपर थांबवले. नंतर वाट. बांध दोन्ही बाजूंनी हातभर अंतरावर. बाबा बैलांना बोलतात तसे गाडीला बोलत होते, "हां, हळू, सावकाश." भावाने सांगितलं तसं मी पायाकडे लक्ष देत होते.

वर पोचल्यावर ते बसून सांगतील असं मला वाटलं होतं. ते उतरले. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, मग वरच्या कडेने पेटवायला सांगितलं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळू खाली येईल. मी आणि आई हिरव्या फांद्या घेऊन कडा राखत होतो. बाबा काठी टेकत आगीच्या बाजूने चालत होते, दोनदा थांबले, पण बसले नाहीत. सगळं काळं झाल्यावर त्यांनी वरच्या ओसाड तुकड्याकडे पाहिलं. "तो पण करता येईल पुढच्या साली," ते म्हणाले. दलालाचं नाव कोणी काढलं नाही.

मग लगेच म्हणाले, "चल. संध्याकाळी हळद हाय. गाडी नेऊन दे त्यांना."

मला ते आवडलं नाही, पण गाडी काकाच्या दारात नेली. मांडवाखाली बायका बसल्या होत्या. काका बाहेर आला. सीटांवर राख, बाबांच्या धोतरावर राख, माझ्या केसांत पालापाचोळा.

"पेटला नीट?" त्याने बाबांना विचारलं.

"पेटला."

काकाने सीटवर बोट फिरवून पाहिलं. "नवऱ्याला राखेत बसवू काय? घोडा सांगितलाय आमी." आणि बाबांना हाताला धरून त्याने मांडवात नेलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी सीटवर तशीच बसून राहिले. आत जावं की नाही, कळेना. आतून बाबांचा आवाज येत होता, वारा कसा होता ते सांगत होते.